निघण्याआधी पंचांग बघा

थंडीत कुत्र्याला घेऊन एखाद्या शहरात चार दिवस जाऊन यायचं ठरलं, की माणसं आधी हॉटेल शोधतात आणि मग रजेचा अर्ज टाकतात. माझं सांगणं असं, की सगळ्यात आधी पंचांग उघडा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, ते धनुर्मास लागेपर्यंत, म्हणजे साधारण १५-१६ डिसेंबरपर्यंत. संक्रांत झाली की पुन्हा सुरू. हवा बघायला गेलं तर फिरायला याच्याइतके छान दिवस नाहीत, आणि कुत्र्याच्या कानांना याच्याइतके वाईट नाहीत. आम्हाला हे इंदूरला कळलं.

आमची चिंगी देशी. बापाकडून थोडी लॅब्रॅडॉर असावी, असा सोसायटीतल्या जाणकारांचा अंदाज. अंगाने मध्यम, केस आखूड, स्वभावाने गरीब. पुण्यात आवारात दोरी सोडली तरी हाकेसरशी परत येते, लिफ्टमध्ये कोपरा धरून बसते, पोरांनी शेपूट ओढली तरी हूं की चूं करत नाही. 'हिला काय, कुठेही न्या' असं सगळे म्हणायचे. माझी नणंद इंदूरला रामबागेत राहते. पण तिच्या घरी दोन मांजरं, तेव्हा उतरायचं हॉटेलात असं ठरलं.

फोनवर मी विचारलं, 'कुत्रीला फिरवायला जागा आहे का?' पलीकडून उत्साहाने उत्तर आलं, 'बहुत बड़ा गार्डन है, मॅडम.' गार्डन खरंच मोठं होतं. तिकडे त्याला मॅरेज गार्डन म्हणतात. आपल्याकडच्या मंगल कार्यालयाचं काम माळव्यात ही मोकळी मैदानं करतात: हिरवळ, दिव्यांची कमान, वर-वधूचा मंच, मागे आचाऱ्यांची पाल. हॉटेलच्या निम्म्या खोल्या वऱ्हाडासाठीच असतात. आम्ही पोचलो तेव्हा कमानीवर फुलं चढवणं चालू होतं.

संध्याकाळी चिंगीला घेऊन आम्ही मागच्या बाजूला गेलो. वरात अजून वळणावर होती. आधी ढोल ऐकू आला, मग बँड, मग गाडीवर चढवलेले डीजेचे स्पीकर, आणि घोडीच्या पुढे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चिंगी पळाली नाही. ती मागे सरकली. पुढे ओढणारा कुत्रा गळ्यातल्या पट्ट्यात अडकून राहतो. मान खाली घालून मागे सरकणाऱ्याचा पट्टा मात्र कानांवरून अलगद निघतो. देशी कुत्र्यांचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. नवऱ्याच्या हातात दोरी राहिली, दोरीला पट्टा, आणि पट्ट्याला आमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला. चिंगी कमानीखालून रस्त्यावर गेली होती.

पुढचे काही तास आम्ही गाडीतून, पायी, भाचीच्या स्कूटरवरून शोधत होतो. हाका मारल्या, पण बँडपुढे माणसाची हाक ती काय! पानवाल्यांना, रिक्षावाल्यांना विचारलं, 'भुरे रंग की कुतिया देखी क्या?' एक जण शांतपणे म्हणाला, 'भैया, यहाँ तो सब भुरे ही हैं.' शोधत शोधत आम्ही पार रिंग रोडपर्यंत जाऊन आलो.

ती सापडली ती इंदूरच्या झाडूमुळे. हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत आलं. त्यामागची एक गोष्ट म्हणजे तिथले मोठे रस्ते रात्री झाडले जातात. वाहतूक थांबल्यावर कामाला आलेल्या एका झाडूवाल्या ताईंनी सांगितलं, की एका लोडिंग रिक्षाखाली एक कुत्री दबून बसली आहे, रोटी टाकली तरी बाहेर येत नाही. रिक्षा हॉटेलपासून चार-पाच इमारती सोडून उभी होती. नवरा वाकून हात घालायला गेला तर ताई म्हणाल्या, 'हाथ मत डालो, काट लेगी.' आमच्या चिंगीला चावणं माहीत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि खालून गुरगुर ऐकू आली. मग त्यांच्या सांगण्यावरून मी रिक्षाकडे पाठ करून फुटपाथवर बसले, तिच्याकडे न बघता खाऊची पिशवी चुरचुरवत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मागच्या पायाला गल्लीतल्या कुत्र्यांनी धरलेल्या दातांच्या खुणा होत्या.

घरातल्या कुत्र्याची शिस्त त्याच्या एकट्याची नसते, तिच्यात घराचा आणि गल्लीचाही वाटा असतो. स्वयंपाकघरात 'बस' शिकलेल्या कुत्र्याला तेच बागेत पुन्हा शिकवावं लागतं, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. आपल्याला वाटतं तो शब्द शिकला. तो शिकलेला असतो शब्द, जागा, वास आणि वेळ असं सगळं मिळून. ओळखीचा वास गेला, वेळ गेली, भोवती अनोळखी टोळी आली, की हाकेला येणारा कुत्रा हाकेला येत नाही आणि न चावणारा गुरगुरतो. म्हणून परगावी त्याच्या शहाणपणावर विसंबायचं नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीतून आलेलं आहे.

दिवस कोणते निवडावेत

धनुर्मासात लग्नं नसतात. मध्य प्रदेशातही खरमास पाळतात. म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी वराती बंद. त्यातून ३१ डिसेंबरची रात्र वगळा, कारण बाराच्या ठोक्याला फटाके वाजतातच. संक्रांतीच्या आधीचा आठवडाही सोडा. तेव्हा पतंगांचा मांजा रस्त्यावर, झुडपांत, विजेच्या तारांवर लोंबत असतो, आणि नायलॉनचा मांजा पंजाला किंवा पायाला अडकला तर कातडी चिरत जातो. उरतात डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचे पहिले काही दिवस. नाताळच्या सुट्टीत हॉटेलं महाग होतात हे खरं, पण शांतता विकत घ्यायची तर ती त्याच दिवसांत मिळते.

ज्या कुत्र्याला दिवाळीत पलंगाखालून बाहेर काढावं लागतं त्याच्यासाठी निघण्याआधी पशुवैद्याशी बोला. भीती कमी करणारी औषधं मिळतात. नुसत्या गुंगीच्या गोळीने कुत्रा निपचित पडतो, भीती आत तशीच राहते. औषध कुठलंही असो, त्याचा पहिला डोस घरी, निवांत दिवशी देऊन बघायचा, प्रवासात नाही.

हॉटेलला विचारायचे प्रश्न

'पेट फ्रेंडली' या दोन शब्दांवर जाऊ नका. फोन करून नेमकं विचारा. आवारात किंवा शेजारी मॅरेज गार्डन, बँक्वेट हॉल आहे का? आमच्या तारखांना तिथे कार्यक्रम आहे का? खोली कितव्या मजल्यावर, रस्त्याकडे की मागे? कुत्र्याचे वेगळे पैसे किती, अनामत किती? आवारात हॉटेलची स्वतःची कुत्री आहेत का? कुत्रा कुठे चालणार नाही? उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. पोचल्यावर रात्रपाळीचा माणूस दुसराच असतो आणि त्याला तुमचं फोनवरचं बोलणं ठाऊक नसतं.

खोलीत गेल्यावर कुत्र्याला दोरीवरच ठेवून आधी जमीन तपासा. पलंगाखाली उंदराच्या औषधाची वडी, सॉकेटमध्ये डासांचं लिक्विड, टॉयलेटमध्ये उघडं ॲसिड, हे तिन्ही मी वेगवेगळ्या खोल्यांत पाहिलेलं आहे. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघा. घरची न धुतलेली चादर अंथरा. मग पहिला तास-दोन तास कुठेही जाऊ नका. दाराला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी सदैव हवी, कारण टॉवेल द्यायला आलेल्या मुलाने दार उघडलं आणि कुत्रा कॉरिडॉरमध्ये गेला, असं फार सहज होतं. अनोळखी खोलीत कुत्र्याला एकटं ठेवून जेवायला जाऊ नका. दोघांनी पाळीपाळीने जावं किंवा जेवण खोलीत मागवावं.

गळ्यापेक्षा छाती

चालवायची दोरी छातीच्या हार्नेसला लावा. हार्नेससुद्धा मागे सरकून निघू शकतो, म्हणून मी आता एक छोटी दोरी हार्नेसपासून गळ्यातल्या पट्ट्याला जोडते. एक निसटलं तर दुसरं धरतं. निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांसाठी ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तोही उत्तम. लांब होणारी गुंडाळी-दोरी परक्या शहरात नको. हातातून सुटली की तिची प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे येते आणि कुत्रा त्या आवाजाला भिऊन आणखी पळतो.

फोन नंबरचा बिल्ला पट्ट्यावर एक आणि हार्नेसवर एक, असे दोन ठेवा. नंबरही दोन माणसांचे हवेत. मायक्रोचिप बसवली असेल तर चांगलंच, पण चिप जागा सांगत नाही. वाचण्याचं यंत्र असलेल्या माणसापर्यंत कुत्रा पोचला तरच तिच्यातला १५ आकडी क्रमांक कामाला येतो. ब्लूटूथचा टॅग आसपास कुणाचा तरी जुळणारा फोन असेल तेव्हाच बोलतो. सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर महाग पडतो, पण अशा रात्री उपयोग होतो तो त्याचाच.

रस्त्याने की रेल्वेने

रेल्वेत कुत्रा सोबत ठेवता येतो तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तोही दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. टू एसी, थ्री एसी, स्लीपर, चेअर कार कशातच नाही. अडचण अशी, की कूपे मिळालं का हे चार्ट लागल्यावर कळतं. न मिळालं तर कुत्र्यासाठी उरतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स: थंडी, धडधड, अंधार आणि एकटेपण. थंडीच्या रात्री मी तरी कुणाला तो सुचवणार नाही. कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात वेगळं करावं लागतं, त्यासाठी लसीकरणाचं कार्ड लागतं आणि स्टेशनवर बरंच आधी जावं लागतं.

आम्ही गाडीने गेलो. पुण्याहून इंदूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. धुळ्यापुढे आग्रा रोड, बिजासनचा घाट ओलांडला की निमाड, खलघाटला नर्मदा, आणि मानपूरचा घाट चढून माळवा. एका दमात हे अंतर माणसाला झेपतं, कुत्र्याला नाही. मध्ये मुक्काम करावा. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. दर दोन-अडीच तासांनी थांबा आणि दार उघडण्याआधी दोरी लावा. हायवेवरच्या पेट्रोल पंपांवर आणि ढाब्यांवर मुक्कामी कुत्री असतातच, तेव्हा आधी एकाने उतरून पाहून यावं. थंडी आहे म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नका. बाहेर २४ अंश असतील तर उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होतात. निमाडात डिसेंबरच्या दुपारीही ऊन चटका देतं.

थंडी आणि ताट

माळव्याचं पठार साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आखूड केसांच्या, बारीक चणीच्या, म्हाताऱ्या आणि पिल्लू कुत्र्यांना रात्री आणि पहाटे कोट हवा. तो घरून चार दिवस आधी घालून सवय करा, नाहीतर कुत्रा पुतळ्यासारखा जागच्या जागी उभा राहतो. टाइल्सवर झोपवू नका. खाली सतरंजी, वर घोंगडी. हीटर लावलात तर त्याची वायर आणि जाळी कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. चौकीदाराची शेकोटी दिसली की लांबून जा; पसरलेल्या राखेखाली निखारे असतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून हाताला गरम लागला की ताप आला असं समजून क्रोसिन, ब्रुफेन यातलं काहीही देऊ नका. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याला विष ठरू शकतात.

इंदूरचा पाहुणचार हे वेगळंच संकट आहे. सकाळी पोह्यांवर कच्चा कांदा, शेव आणि जिरावन; थंडीत तळलेला गराडू; शेजारी जिलबी. टेबलाखाली कुत्रा दिसला की प्रत्येकाला माया येते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंग गम जिवावर बेततं. नाताळच्या केकमध्ये यातल्या दोन गोष्टी हटकून सापडतात. 'इसकी तबीयत ठीक नहीं, डॉक्टर ने मना किया है' एवढं वाक्य पाठ करून जा. नुसतं 'नको' कुणी ऐकत नाही. खाणं घरचं न्या. जागा नवी असताना जेवण तरी जुनं असावं.

दिवस कसा आखावा

कुत्र्यासोबत शहर बघायचं ते सकाळी सहा ते नऊ. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडून राजवाड्यापर्यंतचा रस्ता तेव्हा चालण्याजोगा असतो. दुपारी खोलीत झोप. संध्याकाळी उजेड असेपर्यंत एक छोटी फेरी. सराफ्यातला खाऊबाजार रात्री रंगतो, पण तिथल्या गर्दीत, उकळत्या कढयांच्या मधून कुत्रा नेण्यात अर्थ नाही. छप्पन दुकानाचं तेच. लालबाग किंवा राजवाड्यात कुत्र्याला आत नेता येत नाही, म्हणून एक आत, एक बाहेर अशी वाटणी आधीच करा. राळामंडळचं अभयारण्य विसरा. तिथे बिबट्या आहे. विष्ठा उचलायच्या पिशव्या खिशात हव्यातच, कचरा टाकणाऱ्याला दंड करणारं शहर आहे ते.

गल्लीतली कुत्री आपापली हद्द सांभाळतात. अंगावर आली तर पळू नका आणि आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावरही धरू नका. वळून, संथ चालीने आलात त्याच वाटेने बाहेर पडा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. रेबीजची वार्षिक लस झालेली असली तरी बूस्टर लागतो. तेच माणसालाही लागू, फक्त दवाखाना वेगळा. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि दिवसरात्र चालणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह केलेला असू द्या.

हरवलाच तर

एक माणूस निसटलेल्या जागीच थांबवा. तिथे कुत्र्याची चादर आणि तुमचा अंगातला कपडा ठेवा, गाडी असेल तर दार उघडं ठेवा. बाकीच्यांनी आधी जवळचं शोधावं: उभ्या गाड्यांखाली, जिन्यांखाली, बांधकामाच्या पत्र्यांमागे. घाबरलेला कुत्रा लांब पळतो असं वाटतं, पण पुष्कळदा तो पहिल्या अंधाऱ्या फटीत शिरून गप्प बसतो. हाका मारत धावू नका. तुमच्या आवाजातली भीती त्याला कळते आणि तो आणखी आत सरकतो. चौकीदार, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, सफाई कामगार यांना फोटो दाखवा. रात्री रस्ता त्यांचा असतो. फोटोत अंगावरची खूण दिसायला हवी, कारण भुरी सगळीच असतात. रात्री दोन ते पाच ही सगळ्यात चांगली वेळ. आवाज थांबतात आणि लपलेला कुत्रा हलू लागतो. दिसला की झडप घालू नका. आडवे बसा, नजर टाळा, खाऊ टाका, त्याला येऊ द्या. दोरी लागेपर्यंत आनंद आवरा.

कुणाला नेऊ नये

लसी पूर्ण न झालेली पिल्लं, माजावर असलेली कुत्री, सांधे धरलेले म्हातारे, गाडीच्या हॉर्नला घरीच दचकणारे, यांना शहरात नेऊच नका. तुमच्या यादीत रात्रीचा सराफा, मांडू, महेश्वर आणि नातेवाइकांकडची तीन जेवणं असतील, तर शहाण्यातला शहाणा कुत्राही घरीच ओळखीच्या माणसापाशी ठेवा. त्यात त्याचा अपमान नाही.

आणि नेणारच असाल, तर महिनाभर आधी जवळच्या एखाद्या गावी एका रात्रीसाठी जाऊन बघा. परक्या खोलीत तो जेवला, झोपला आणि सकाळी अनोळखी रस्त्याच्या कडेला त्याने निवांत शी केली, तर मोठ्या शहराचा विचार करा. दारापाशी बसून रात्रभर धापा टाकत राहिला, तर एका रात्रीच्या भाड्यात उत्तर मिळालं. ते स्वस्तच म्हणायचं.